गाडी ताईच्या नावावर

माझे भावोजी, म्हणजे ताईचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करतात. लिफ्टमध्ये अडकलेल्या परक्या माणसांशी ते फोनवर इतकं गोड बोलतात की सुटल्यावर माणसं त्यांना मिठ्या मारतात. घरी आले की तोंडाला कुलूप. लग्नाच्या सत्तावीस वर्षांत त्यांनी ताईला दिलेल्या भेटी मला तोंडपाठ आहेत: एक टॉर्च, एक स्टूल आणि एक फुकट मिळालेली छत्री, तीही कंपनीच्या जाहिरातीसकट.

चार वर्षांपूर्वी या गृहस्थांनी अचानक लीजवर गाडी आणली. दरमहा भाडं भरायचं, मुदत संपली की परत करायची, नाहीतर उरलेली किंमत देऊन ठेवून घ्यायची. आमची आई जाऊन महिनाही झाला नव्हता, त्यामुळे मला ते भलतंच झोंबलं. "भाड्याची गाडी मिरवताहेत," असं मी चार नातेवाइकांच्या कानावर घातलं. पाचव्याला त्यांनी सांगितलं.

गंमत म्हणजे घरात गाडी चालवण्यात खरी तरबेज ताई. ती शाळेची व्हॅन चालवते. मागे चौदा कार्टी बोंबलत असतात, तरी एकोणीस वर्षांत व्हॅनला ओरखडा नाही. पण लीजच्या करारात कलम होतं: ज्याच्या नावावर लीज, त्यानेच चालवायची. भावोजी नियमाला पक्के. आणि मागे घेताना आरशात बघणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटतो. चार वर्षांत त्यांनी एक फाटक, एक उभा टेम्पो आणि विमा एजंटच्याच ऑफिसची पायरी ठोकली. ताई शेजारी हाताची घडी घालून बसायची आणि ओठ आवळायची.

मुदत संपली. भावोजी म्हणाले, "विकत घेतो." घेतलीही. मग विम्याचं बघायला गेले, तर एजंट फुटक्या पायरीकडे बघत म्हणाला, "साहेब, तुमच्या नावाने हप्ता ऐकलात तर गाडी इथेच सोडून चालत जाल. वहिनींच्या नावाने काढू. पण मग चालवायची त्यांनी, आणि गाडीही त्यांच्या नावावर हवी."

म्हणून गुरुवारी दुपारी आम्ही तिघं वाहन नोंदणीच्या कार्यालयात गेलो. साक्षीदार म्हणून मी. जुना विमा त्याच दिवशी संपत होता, खिडकी साडेचारला बंद होणार होती, आणि आमचा नंबर चार वाजता लागला.

काचेपलीकडच्या बाईंनी फॉर्म सरकवला. "कारण लिहा."

भावोजींनी लिहिलं, 'विमा स्वस्त पडावा म्हणून'.

बाईंनी चष्मा वर केला. "हे स्वतःच्या अक्षरात लिहून देताय? विक्री, वारसा किंवा भेट, यांतलंच काहीतरी लागतं."

"वारसा चालेल?"

"त्यासाठी तुम्हाला मरावं लागेल."

मी खो खो हसले. रांगेतले दोघंतिघंही हसले. भावोजींनी खोडून 'सोयीसाठी' लिहिलं. फॉर्म परत आला.

"अहो, भेटच आहे ना? बायकोच्या नावावर करताना सगळे 'प्रेमापोटी' लिहितात," बाई म्हणाल्या. "एक शब्द आहे. लिहा आणि सुटा."

भावोजींचे कान लाल झाले. पेन कागदावर टेकलं, तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेली ताई बोलली.

"खरं असेल तरच लिहा. खोट्या कागदावर मी सही करणार नाही."

"अगं, विमा संपतोय."

"संपू दे. मी व्हॅन चालवते, मला गाडीचं अप्रूप नाही. सगळे लिहितात म्हणून तुम्ही लिहायचं नाही."

"तुला माहीत नाही का?"

"मला कुणी सांगितलंय कधी?"

माझं हसू तिथेच विरलं. ताई चेष्टा करत नव्हती. रांगेतला एकही माणूस आता घाईत नव्हता.

भावोजी फॉर्म घेऊन बाकावर जाऊन बसले. लिहीत राहिले. जागा संपली तसा त्यांनी कागद उलटला. साडेचारला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी तो ताईच्या हातात दिला. मी मान लांब करून वाचला, तेवढी निर्लज्ज मी आहेच. दुरुस्तीचा अहवाल लिहावा तसं लिहिलं होतं:

'बायकोच्या आईचं अखेरचं होतं तेव्हा घरात गाडी नव्हती. मी कामावर होतो. ती दोन बस बदलून गेली. पाऊण तास उशीर झाला. भेट झाली नाही. गाडी तेव्हाच तिच्यासाठी घ्यायची होती. एकरकमी पैसे नव्हते म्हणून लीजवर घेतली. आता फिटली. आता तिची. तिने हवं तेव्हा हवं तिथे जावं.'

ताईने ते दोनदा वाचलं आणि काचेखालून आत सरकवलं. बाईंनी वाचलं. "हे बसतं प्रेमापोटीमध्ये," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला.

"चार वर्षं का नाही सांगितलंत?" ताईने विचारलं.

"रडली असतीस."

"मग आता काय करतेय मी?"

तिने नाक पुसलं आणि 'स्वीकारते'खाली सही केली.

मला भावोजींची माफी मागायची होती. तोंडातून निघालं ते भलतंच. "भावोजी, अक्षर फार घाणेरडं आहे हो तुमचं."

"तुझी साक्ष राहिलीय," ते म्हणाले आणि पेन माझ्यापुढे धरलं. "सही कर."

माझंच नाव, पण मला ते धड लिहिता येईना.