मापाचा ब्लाउज

नारायण पेठेतल्या विजयमाला ओव्हाळच्या शिलाईच्या दुकानात शिरताना आधी पाटी वाचावी लागते: 'मापाचा ब्लाउज आणला नसल्यास बसू नये. उभेही राहू नये.' पाटी तिनेच लिहिली आहे आणि तिचा शब्दन् शब्द तिला पटलेला आहे. अंगाला नीट बसणारा एक जुना ब्लाउज आणायचा, त्यावरून ती नवा बेतणार, आणि तो बसणारच. अंगाचं माप घेणं तिच्या लेखी नवशिक्यांचं काम. "अंगाचं काय, आज सुटतं, उद्या आटतं. ब्लाउज खोटं बोलत नाही," असं ती गिऱ्हाइकाला ऐकवते. गळ्यात टेप असतो, पण तो डॉक्टरच्या नळीसारखा, रुबाबापुरता.

हा तोरा उसना नव्हे. कसबा पेठेतल्या एका खोलीत साड्यांना फॉल लावत तिने सुरुवात केली. नवऱ्याचं, समाधानचं, कारखान्यातलं काम सुटलं तेव्हा तिच्या मशीननेच घर तारलं. अशा बाईला शहाणपण शिकवायला कोण जाणार? कुणी जात नव्हतं, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

शनिवार पेठेतल्या सुरुचीताई तिच्या जुन्या गिऱ्हाईक. मध्ये बराच काळ फिरकल्या नव्हत्या. चैत्रात अचानक आल्या, मुलीचं, ऋतुजाचं, लग्न ठरलं म्हणून. हातात मोरपिशी रेशमाचं कापड आणि मापाचा जुना ब्लाउज. अंगात ढगळ कुर्ता, चेहरा ओढलेला.

"बारीक झालात हो! डाएट वाटतं?" विजयमालाने विचारलं.

सुरुचीताईंनी काही सांगायला तोंड उघडलं होतं. पण तोवर विजयमाला ब्लाउज टेबलावर पसरून त्याच्या शिवणी मोजायला लागलीसुद्धा.

नवा ब्लाउज शिवून झाला, गेला, आणि परत आला. "घालता येत नाहीये," सुरुचीताई म्हणाल्या. विजयमालाने नवा आणि जुना एकावर एक ठेवून दाखवले. केसाचा फरक नव्हता. तरी मोठ्या मनाने तिने बाहीजवळची गोलाई सैल करून दिली. ब्लाउज पुन्हा परत आला. आता मात्र तिचं डोकं फिरलं.

"मापाचा दिलात तसाच शिवलाय. माप चुकलं असेल तर ते आणणाऱ्याचं."

"बरोबर आहे तुमचं," सुरुचीताई म्हणाल्या. "राहू द्या आता. मी मांडवात शाल पांघरून बसेन."

"शाल? वैशाखात?"

पुण्याच्या वैशाखात वधूमाय शाल गुंडाळून बसणार, आणि विचारणाऱ्याला विजयमालाच्या दुकानाचं नाव सांगणार! तिने सुरुचीताईंना धरून पडद्यामागे नेलं आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा गळ्यातला टेप खाली काढला.

"करा हात वर."

उजवा वर गेला. डावा छातीच्या उंचीलाच अडला.

"पूर्ण करा हो, लाजताय काय!" म्हणत तिने टेप पाठीमागून पुढे आणला. तिचा तळहात कुर्त्यावर डावीकडे टेकला, आणि कापडाखाली नुसत्या बरगड्या लागल्या.

विजयमालाच्या हातून टेप गळून पडला. ती तिथल्या स्टुलावर मटकन बसली. 'डाएट वाटतं?' आपलेच शब्द तिला आठवले आणि स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

"छातीत गाठ निघाली होती," सुरुचीताई म्हणाल्या. "ऑपरेशन झालं. हात तेव्हापासून वर जात नाही."

"अहो, मग बोलायचं तरी!"

"दर वेळी ठरवून येत होते. तुम्ही दर वेळी ब्लाउज बघितलात. मला बघितलंच नाहीत."

विजयमालाने खाली पडलेला टेप उचलून गुंडाळला. मग तिने विचारलं, "आत काही भर घालू का? फोमची मिळते."

"नको. टोचते ती, आणि मला नाटक नकोय. मला फक्त माझ्या हाताने ब्लाउज घालायचाय, ताई. घरी ऋतुजा घालते मला कपडे, लहान मुलाला घालावेत तसे. त्या दिवशी ती नवरी असणार. नवरीने काय आईचे हात बाहीत घालत बसायचं?"

विजयमालाने शब्द दिला. देताना वाटलं होतं, त्यात काय एवढं. मग तिने जुन्या चादरीचे तुकडे घेऊन पुढून पूर्ण हुकांचा ब्लाउज करून पाहिला. बाजूला चेन लावून पाहिली. बाही ढगळ केली. सगळं बाहीपाशी येऊन अडायचं, कारण बाहीत हात घालायचा म्हणजे तो उचलावा लागणारच. "दुसऱ्या कुणाला तरी विचारून बघ," समाधान म्हणाला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा अर्धा टाकून बाहेर गेला.

लग्न तोंडावर आलं. तिने आणखी एक तुकडा घेतला, सवयीने दुमडला, कात्री लावली, आणि तिचा हात जागीच थिजला. ब्लाउज कापताना कापडाची घडी घालायची, म्हणजे उजवी आणि डावी बाजू एकदमच कापली जाते. सगळे शिंपी असंच करतात. म्हणजे या कात्रीतून पुन्हा दोन सारख्याच बाजू निघणार होत्या! जे तिला तळहाताने कळलं होतं, ते तिच्या कात्रीला अजून ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं आपण काय बायकांचे कपडे शिवत होतो? आपण तर घडी शिवत होतो, आणि बायकांनी तिच्यात कसंबसं मावून घ्यायचं होतं.

तिने घडी उलगडली. उजवी बाजू खडूने झरझर काढली. डावीकडे मात्र खडू टेकेना. तिथे काय काढायचं हे तिला खरोखरच माहीत नव्हतं, आणि आपल्याच कामातलं आपल्याला माहीत नाही याची तिला भीती वाटली. तिने फोन लावला.

"मापाचा ब्लाउज आणू का परत?" सुरुचीताईंनी विचारलं.

"तो इथेच आहे. तुम्ही या."

त्या आल्यावर तिने एक सैल सदरा पुढे केला. "हा घालायचा प्रयत्न करा. मी मदत करणार नाही, नुसती बघणार." सुरुचीताईंनी उजवा हात सहज घातला. मग डावी बाही उजव्या हाताने ओढून पाहिली, खांदा वाकवला, तोंड वेडंवाकडं केलं. डावा हात बिचारा खाली लोंबत राहिला. विजयमाला डोळ्यांची पापणी न हलवता पाहत होती. हात कापडात जाणार नाही. बरं, नाही जाणार. मग कापडालाच हाताकडे का पाठवू नये?

तिने मापाचा ब्लाउज उचलला आणि गळ्यापासून डाव्या खांद्यावरून थेट बाहीच्या टोकापर्यंत खर्रकन कापला.

"अहो! मापाचा आहे तो!" सुरुचीताई किंचाळल्याच.

"होता," विजयमाला म्हणाली.

उघडी पडलेली बाही तिने लोंबत्या हाताखालून घेतली आणि वरून मिटली. हात जागचा हललासुद्धा नाही. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

मोरपिशी ब्लाउजचे पुढचे भाग उसवून तिने नव्याने बेतले. उजवी बाजू नेहमीसारखी, डावी सपाट, आत मऊ सुती अस्तर. डाव्या खांद्यापासून बाहीच्या टोकापर्यंत टिचबटणं, वर जरीचा काठ. त्यावर पदर येणारच होता.

सुरुचीताई तो घेऊन पडद्यामागे गेल्या. आतून एक टिचबटण लागल्याचा आवाज आला. मग दुसरं. मग काहीच नाही. विजयमाला दोनदा उठली आणि ओठ चावून दोनदा खाली बसली. पुन्हा टक. पुन्हा टक. पडदा सरला.

"ताई, आरसा कुठाय?"

दुकानात आरसाच नव्हता! मापाला बसला की बसला, आरशाची गरजच काय, असा इतक्या वर्षांचा खाक्या. विजयमाला तशीच धावत शेजारच्या केशकर्तनालयात शिरली आणि कारागीर "अहो, अहो" करत असताना भिंतीवरचा लांबट आरसा काढून घेऊन आली. छातीशी धरून समोर उभी राहिली.

सुरुचीताई बघत राहिल्या. आधी चेहरा, मग उजवीकडे, आणि मग खूप वेळ डावीकडे.

"ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा बघतेय स्वतःला," त्या म्हणाल्या. "घरातला आरसा झाकून ठेवलाय मी."

आरसा जड होता, पण तो खाली ठेवायचं विजयमालाला सुचेना.

मग सुरुचीताईंनी मान तिरकी केली, आरशाजवळ आल्या आणि कपाळाला आठी घातली.

"डाव्या बाहीला सुरकुती पडतेय. काढा ती. वधूमाय आहे मी."

विजयमालाला हसू आणि रडू एकदमच फुटलं. "काढते, काढते. सरळ उभ्या राहा आधी," ती म्हणाली, आणि आरसा भिंतीला टेकवून टाचण्या शोधायला लागली.