फोटोत बाया दिसल्या पाहिजेत

"यात बाया कुठं आहेत?" असं म्हणून साहेबांनी फोटो टेबलावरून माझ्याकडं सरकवला.

मी पाहिला. आमच्या दूध संस्थेची खोली, भिंतीवर पाटी, पाटीखाली टोप्या-पटके घालून उभे राहिलेले बाप्ये. सगळं लख्ख. सरपंचांच्या खिशातला पेनसुद्धा दिसत होता. आणि खाली, जिथं आम्ही बाया बसलो होतो, तिथं काळं. उपडं घमेलं ठेवावं तसं गोल काळं. दोन्ही कडांना एकेक गुडघा आणि लुगड्याचा काठ तेवढा उरला होता.

"आमी हितंच बसलो होतो," त्या काळ्यावर बोट ठेवून मी म्हणाले.

"बाई, मला बोट नको, तोंडं पाहिजेत. शेजारच्या गावानंही असंच केलं. कागदावर बाया आणि कारभार बाप्यांचा. तुमची महिला संस्था आहे ना? मग महिला दाखवा. सोमवारपर्यंत दुसरा फोटो आणा. नाहीतर चाऱ्याची गाडी दुसऱ्या गावाला जाईल."

माझ्या शेजारी संस्थेचा सचिव उभा होता. नात्यानं माझा चुलत दीर. फोटो त्यानंच काढला होता. रोल सोलापूरला धुऊन फोटोंचं पाकीट सकाळच्या एसटीनं आलं आणि आम्ही ते घाईघाईत साहेबांच्या पुढ्यातच फोडलं. आधी बघितलं असतं तरी काय करणार होतो म्हणा.

ते दुष्काळाचं साल होतं. गाव माकणीच्या अलीकडचं. मालक ऊसतोडीला गेले होते, मी खडी फोडायच्या कामावर. घरात एक म्हैस आणि तिचं रेडकू. लेकरांच्या पोटात जे जायचं ते त्या म्हशीचं दूध संस्थेला घालून यायचं. जनावरांच्या छावणीत म्हैस बांधता आली असती, पण छावणी लांब, आणि तिथलं दूध इथं आणणार कोण? ढोकीकडून चाऱ्याला उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, येणार होतं, ते पहिल्यांदा संस्थेच्या सभासदांना. ते आलं तर म्हैस राहणार, न आलं तर बाजारात जाणार. त्या बाजारातून म्हैस कुठं जायची ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी चौथी शिकलेली, सही करता यायची, म्हणून बायांनी मला चेअरमन केलं होतं. फोटो घेऊन उस्मानाबादच्या कचेरीत जायचं कामही त्यामुळं माझ्याच गळ्यात.

परतीच्या एसटीत दीर म्हणाला, "वहिनी, तुमी हालला असाल."

"सगळ्याच एकदम हालल्या व्हय? आन् बाप्ये तेवढे खांब झाले?"

"मग पदर. लई पुढं ओढता तुमी पदर."

"गुडघ्यावर पदर न्हवता, भाऊजी. निम्मा गुडघा बी गेलाय."

त्यानं तोंड खिडकीकडं केलं. मला बसवेना. सीटवरून उठावं, चालत गाव गाठावं असं वाटत होतं. गाडी थांब्याथांब्याला थांबत होती आणि मी ड्रायव्हरच्या मानेकडं बघत होते.

घरी आले तर म्हैस दावणीला चिपाडं चघळत उभी. रेडकू बसलेलं. त्याला शेपटीला धरून उठवलं, तर पुन्हा बसलं. थोरल्या जावेला फोटोचं सांगितलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "माजं तोंड तसंबी फोटोत नको."

"तुझ्या गाईला वाढं पाहिजे का?"

"पाहिजे की."

"मग तोंड पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मी दिराला सोलापूरला धाडलं. तो जायला कुरकुरत होता. मी म्हटलं, तुम्ही नाही गेलात तर मी जाते, आणि कॅमेरा पिशवीत घालून नेते. तेव्हा गेला. तो कॅमेरा त्याच्या जिवापेक्षा मोठा. त्याच्या मेव्हण्यानं मस्कतहून आणलेला. दिवा आतच बसवलेला, बटन दाबलं की उजेड पडायचा. कॅमेऱ्याच्या भिंगावर त्यानं पुढून आणखी एक जाड काच बसवली होती. त्या काचेनं लहान खोलीतही सगळी माणसं मावतात म्हणे. आमची खोली म्हणजे दुधाचे कॅन ठेवायची जागा, एक दार, खिडकी नाही. पण फोटो त्याच खोलीत, पाटीसकट पाहिजे, असं कचेरीचं म्हणणं होतं.

तो दिवस मी कसा काढला ते मला ठाऊक. खडी फोडताना हातोडा दोनदा बोटावर घेतला. मुकादम म्हणाला, "आज ध्यान कुठंय?" मी म्हटलं, "सोलापूरला."

दिवस मावळायच्या आधी दीर आला. तोंड उतरलेलं.

"फोटो धुणारा हसला मला," तो म्हणाला. "ही काच आपलीच सावली पाडतीया. दिवा वर, काच पुढं आलेली. उजेड वरनं येतो, काचेला अडतो, आन् खाली बसल्याल्यावर अंधार. दिवा लावून ही काच वापरायचीच न्हाय, म्हणाला. काच काढायची आन् मागं सरायचं."

"मग काढा काच."

"मागं कुठं सरू? मागं भित हाय."

मी त्याला खोलीत नेलं. त्यानं काच काढली, भिंतीला पाठ लावली, डोळा लावला. पाटी आणि कॅन मावत होते. माणसं मात्र निम्मीच.

मला कळलं काय करायचं ते. पण ते सांगायचं कुणाला? पहिल्या फोटोत माझे सासरे होते, चुलतसासरे होते, सरपंच होते. बायांचा एकट्यांचा फोटो कसा काढायचा, शोभतं का, म्हणून ते सगळे मागं उभे राहिले होते आणि आम्ही त्यांच्या पायाशी, जमिनीवर. बाप्यांपुढं बायांनी खालीच बसायचं, याच्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. मलाही नाही. काळं नेमकं तिथंच पडलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे जमले. बाप्ये पाटीखाली जाऊन उभे राहिले. सासऱ्यांशी मी थेट बोलत नसे, तशी रीत होती. म्हणून दिराकडं बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "भाऊजी, सगळी मावत न्हाईत. बाप्यांना भायेर जावं लागल."

कुणी हललं नाही. सरपंच म्हणाले, "गावाच्या संस्थेचा फोटो, आन् गावचा सरपंच न्हाय? कसं दिसल ते?"

"दिसायचं बायांनी हाय," दीर हळूच म्हणाला.

"तू गप रे, फोटोवाल्या."

तेवढ्यात सासऱ्यांनी काठी उचलली. मला वाटलं आता आपलं काही खरं नाही. ते माझ्याकडं न बघता सरपंचांना म्हणाले, "सरपंच, म्हशीला वाढं पाहिजे का आपली थोबाडं? चला, तंबाखू मळू."

ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. चुलतसासरे गेले. मग सरपंचही गेले, दारात उभे राहिले, तर सासरे बाहेरून म्हणाले, "दारातबी नगो. तुमची सावली नगो आनखी."

आम्ही उठलो. दोन ओळी केल्या, सगळ्या उभ्या. बाप्ये उभे होते त्या पाटीखाली आता आमची डोकी आली. पदर कपाळाच्या वर घ्या, असं मी सांगितलं. थोरल्या जावेचा मीच मागं सारला. दिवा चमकला तसे निम्म्या जणींनी डोळे मिटले. दिरानं पुन्हा काढला, आणि आणखी एकदा.

तो रोल धुऊन येईस्तोवर मी घरात टिकले नाही. कामावरून यायचे, रेडकाला पेज पाजायचे, पुन्हा एसटीच्या थांब्यावर. कंडक्टर मला बघून नुसती मान हलवायचा. सोमवारी सकाळी पाकीट आलं. या वेळी थांब्यावरच फोडलं. काळं कुठं नव्हतं. जाऊ तोंड उघडं टाकून हसत होती. माझे डोळे मिटलेले होते.

साहेबांनी फोटो उजेडाकडं धरला. "आता दिसल्या," एवढंच म्हणाले आणि फोटो कागदांना टाचला.

गाडी त्याच आठवड्यात आली. माझी म्हैस जगली. जावेची गाय जगली. रेडकू फोटो यायच्या आदल्या दिवशी मेलं.