सुमनबाईकडचा विळा

करडी गावात इश्वरला कुणी तोंडावर वेडा म्हणत नसे. पाठीमागे काय म्हणतात ते मात्र त्याला शब्दन् शब्द ठाऊक होतं, कारण तीन वर्षांपूर्वी ते त्याला रिकाम्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, भर दुपारीही ऐकू यायचं.

तो एकटाच बडबडायला लागला तेव्हापासून बायको वच्छला रोज संध्याकाळी धान कापायचा विळा शेजारच्या सुमनबाईकडे ठेवून यायची, सकाळी परत आणायची. इश्वरने अर्थ लावला, दोघी मिळून आपला काटा काढणार. एकदा शेताच्या धुऱ्यावर त्याने तोच विळा हिसकावला. वच्छलाच्या मनगटावर अजून वण आहे.

मग भंडाऱ्याचे डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या, आवाज विरले. पण बरं होणं म्हणजे सुख नव्हे हो. डोकं निवळलं तसं त्याला आधी स्वतःचं वागणं दिसलं आणि मागोमाग बायकोचं. कट कसला, ती घाबरत होती. दाराशी बसून जेवणारी, त्याच्या खोकल्यानेही दचकणारी बाई त्याला तेव्हा कुठे दिसली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विळा पुन्हा घरात राहायला दोन हंगाम गेले.

यंदा कापणीत गोळीने गुंगी यायची. त्याची ओळ सगळ्यांच्या मागे पडायची, बाया हसायच्या. कापणी उरकली की घेऊ, म्हणत त्याने गोळी बंद केली. वच्छलाला सांगितलं नाही. हा गाढवपणाच, पण धानाच्या बांधीत एकटं मागे राहून पाहिलेल्यानेच त्याला नावं ठेवावीत.

दहाव्या दिवशी वच्छला आणि सुमनबाई त्याच्या पुढेच धान कापत होत्या. इश्वरला स्वतःचं नाव ऐकू आलं, मग हसणं. त्याने दोघींकडे निरखून पाहिलं. दोघींची तोंडं मिटलेली होती.

संध्याकाळी तो स्वतःच विळा घेऊन सुमनबाईच्या अंगणात गेला.

"वैनी, हा इळा तुमच्याजवळ ठेवा. अन् वच्छलाले आज इथंच झोपू द्या."

"काहून? का झालं?"

"मले पुन्हा आयकू येऊन रायलं. सकाळी भंडाऱ्याले जातो."

सुमनबाईने विळा घेतला आणि दोन पावलं मागे सरकली. इश्वरने ते पाहिलं. हा भास नव्हता.