रशीदभाईंची मोठ्या तोंडाची लेन्स

फोटो स्टुडिओत काम केलं म्हणजे हसऱ्या चेहऱ्यांचे किस्से जमले असतील, असं लोकांना वाटतं. छे हो! आमच्याकडे जमले ते मयतीचे. निजाम गेल्यानंतरच्या त्या वर्षांत परभणीकडे कित्येकांचा पहिला आणि शेवटचा फोटो एकच असायचा. माणूस गेलं की फोटोवाल्याला बोलावणं. फोटो बिघडला तर पुन्हा काढणार कुणाचा? मला कायम धास्ती असायची.

*

मालक रशीदभाईंनी हैदराबादहून मोठ्या तोंडाची लेन्स आणली. अंधाऱ्या घरातही फोटो निघायचा, पण पूर्ण उघडली की बोटभर जागाच स्पष्ट, पुढचं-मागचं सगळं धूसर. टेस्टिंगला टेबलावर एकामागे एक तीन लिंबं मांडली. फोटोत मधलंच आलं.

"बाकीची दोन?" मी विचारलं.

"मरहूम झाली!" रशीदभाई म्हणाले.

*

पूर्णेला एका रेल्वेवाल्या म्हाताऱ्याला भिंतीला टेकवून बसवलं होतं. रशीदभाईंचा फोकस पडला गळ्यातल्या हारावर. झेंडूची पाकळी न पाकळी मोजून घ्या, चेहरा मात्र नुसता धूर!

"हार लय चांगला आलाय," मुलगा एवढंच म्हणाला.

रशीदभाई त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हापासून मयताच्या भुवईवर मी बोट ठेवायचं, त्यांनी बोटावर फोकस करायचा आणि मग मी बाजूला व्हायचं, अशी रीत पडली.

*

गंगाखेडला असंच एका आजोबांच्या भुवईवर बोट ठेवलं, तर आजोबांनी डोळे उघडले! घरच्यांनी जरा आधीच बोलावलं होतं.

"आजून हाय मी," आजोबा म्हणाले. "बोट काढ, आन् काढ फोटू."

*

झरीला मेंढरंवाल्यांचं दोन वर्षांचं लेकरू तापानं गेलं. आत अंधार होता. लेकरू मांडीवर घेतलेल्या आईला रशीदभाई म्हणाले, "बाई, जरा उजेडात घेऊन बसा."

"न्हाई. ताप हाय त्याला. उन्हात न्यायचं न्हाई."

मला तिथं उभं राहवेना. तरी लेकराच्या भुवईवर बोट ठेवलं, लेन्स पूर्ण उघडली.

लेकरू पापण्यांसकट स्पष्ट आलं. मागं वाकलेल्या आईचा चेहरा पार पुसल्यासारखा. रशीदभाईंनी तीनदा प्रिंट काढली, काही फरक नाही. बाजाराच्या दिवशी ती आली, तेव्हा त्यांनी मान खाली घालूनच फोटो दिला.

"माफ कर बाई. चुकलं माझं."

तिनं फोटो उजेडात धरला.

"लेकरू जित्तं दिसायलंय. मीच गेलेली दिसायलेय." फोटो तिनं पदरात गुंडाळला. "चुकलं कुठं? बराबर आलाय."