झेंडा धरायचं काम

आई गेल्यावर मी निपाणीहून बेंगळूरला अण्णांकडं आलो. अण्णा माझे थोरले भाऊ. विमानांच्या कारखान्यात, हेलिकॉप्टरं जोडायच्या विभागात ते फोरमन होते. त्यांच्याच शब्दावर मला तिथं फिटर म्हणून घेतलं. चीनच्या लढाईनंतरची ती वर्षं. उंच डोंगरांतल्या विरळ हवेत लष्कराला हेलिकॉप्टरं हवी होती. फ्रेंच बनावटीचं यंत्र आपल्याकडं जोडायला नुकतीच सुरुवात झाली होती, आणि वरून सारखी घाई होती.

हेलिकॉप्टरची तिन्ही पाती फिरताना एकाच पातळीत असावी लागतात. एखादं जरा वरखाली झालं तरी अख्खं यंत्र थरथरतं. हे तपासायची तेव्हाची रीत अशी की प्रत्येक पात्याच्या टोकाला वेगळ्या रंगाचा खडू फासायचा आणि इंजिन सुरू करायचं. मग एका माणसानं उंच दांड्याला ताणून बांधलेली पांढरी कापडी पट्टी हळूहळू त्या फिरत्या टोकांजवळ न्यायची. टोकं कापडाला चाटून जायची आणि रंग उमटायचे. रंग एकावर एक पडले तर ठीक, नाहीतर पाती पुन्हा जुळवायची आणि पुन्हा तेच. आम्ही त्याला झेंडा धरणं म्हणायचो.

हे काम पाळीपाळीनं व्हायचं. मी आल्यावर अण्णांनी ते मलाच लावून दिलं. कुणीतरी कारण विचारलं तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले, वशिल्यानं आलाय, त्याची किंमत त्यानं मोजायला नको का? लोक हसले.

मला त्या पात्यांची भीती वाटायची. डोक्यावर तो घरघराट सुरू झाला की हातातला दांडा थरथरायला लागायचा. एकदा जेवताना मी वहिनीला हे सांगितलं. अण्णा शेजारीच जेवत होते, त्यांनी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी हँगरमध्ये त्यांनी माझं ते वाक्य माझ्याच आवाजात सगळ्यांना म्हणून दाखवलं. तेव्हापासून मी दिसलो की कुणीतरी झाडू उभा धरून लटलट हलायचं.

एका दुपारी वारा सुटला होता. वैमानिकानं खुणेनं सांगितलं, आज राहू दे. अण्णांनी ऐकलं नाही. खडूचे डाग काही केल्या जुळत नव्हते.

"स्वल्प पुढं हो," ते ओरडले.

मी थोडासा सरकलो.

"अजून स्वल्प."

वाऱ्याचा झोत आला, पातं झुकलं आणि दांडा माझ्या हातातून हिसकला गेला. त्याचं टोक तोंडावर बसलं, मग खांद्यावर. शुद्धीवर आलो तेव्हा मी सिमेंटवर पडलो होतो आणि इंजिन बंद होत होतं. अण्णा धावत येताना दिसले. ते मला ओलांडून पुढं गेले. पाती थांबल्यावर शिडी मागवली, वर चढून पात्याच्या टोकावरून हात फिरवला. "पात्याला काही झालं नाही," म्हणाले. मग खाली बघून, "उठ. ढोंग करू नकोस."

समोरचे दात गेले होते आणि गळपट्टीचं हाड मोडलं होतं. चौकशीत अण्णांनी सांगितलं की मी इशाऱ्याची वाट न बघता पुढं घुसलो. बाकी कुणी तोंड उघडलं नाही. माझी पगारवाढ थांबली आणि मला सुट्या भागांच्या कोठीत बसवलं. वहिनी रोज पेज करून द्यायची. एकदा माझ्यासमोरच तिनं अण्णांना विचारलं, खोटं का सांगितलं म्हणून.

"माझी बढती यायची आहे," ते शांतपणे म्हणाले. "याचं काय जातंय?"

त्या आठवड्यात मी शहरातच, यशवंतपूरला खोली घेतली. ट्रंक घेऊन निघालो तेव्हा वहिनी दारात रडत उभी होती. अण्णा आतून म्हणाले, दार लाव, धूळ येतेय.

पुढं लुकलुकणारा दिवा आला. पात्यांची टोकं त्यात लांबूनच दिसायची, झेंड्याची गरज उरली नाही. लष्कराचे अधिकारी तो बघायला आले. कोठीतून दिव्याची पेटी घेऊन मीच गेलो होतो. अण्णा त्यांना सांगत होते, पूर्वी हे दांड्यानं करायचे, त्यात आमचा एक माणूस जखमीही झाला. त्याचं पुढं काय झालं, एकानं विचारलं. निष्काळजी होता, अण्णा म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातून पेटी घेतली.

बऱ्याच वर्षांनी अण्णांना अर्धांगवायू झाला. वहिनीनं निरोप धाडला म्हणून मी शहराच्या बनशंकरी भागात त्यांच्या घरी गेलो. माझ्याकडं बघून ते काहीतरी बोलायची धडपड करत होते, पण तोंडातून नुसता आवाज निघत होता.

"भावजी, जरा जवळ जा," वहिनी म्हणाली. "तुमचंच नाव घेताहेत."

मी कॉफी संपवली. बस चुकेल म्हणालो आणि उठलो. बसला अजून बराच वेळ होता.