ओढ्यापलीकडचं मचाण

आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझ्याहून बरीच मोठी एक अमेरिकन बाई काम करायची. उंच, रुंद खांद्यांची, बोलायला फटकळ. माझ्या मुलीला मी सगळ्या वयस्कर बायकांना मावशी म्हणायला शिकवलं होतं. ही बाई पहिल्यांदा अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावी आमच्या घरी आली तेव्हा मुलीनं तिलाही मावशी म्हटलं. तिला तो शब्द इतका आवडला की पुढे फोनवरसुद्धा ती "माउशी बोलतेय" असं म्हणायला लागली. म्हणून इथेही ती मावशीच.

मावशीचा नवरा वारला होता. तो असताना दोघं दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जायची, पश्चिमेला मिसिसिपी नदीच्या बाजूच्या एका सरकारी जंगलात. तो गेल्यावर ती एकटी जायला लागली. मग तिचा गुडघा बिघडला आणि डॉक्टरांनी जंगलात एकटं जायचं नाही असं बजावलं. एकदा लंचला ती मला म्हणाली, "तू येशील का? फक्त ड्राइव्ह कर. बाकी मी बघते."

मी लगेच हो म्हटलं. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी नागपूरची. आमच्या घरी मटणाचा रस्सा खाऊन लोकांचे डोळे पाणावायचे, पण बंदूक कधी कुणी हातात घेतली नव्हती. नवरा पुण्याचा आणि पक्का शाकाहारी. त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, शिकार? थंडीत? लोक नोव्हेंबरात घरी बसतात." थोड्या वेळानं स्वतःच गॅरेजमधून माझे बूट काढून पुसत बसला.

पहिल्या वर्षी मी नुसती बरोबर गेले. उजाडण्याआधी आम्ही पोचलो तर खडी टाकलेल्या पार्किंगमध्ये गाडी लावायला जागा नाही. जिकडे तिकडे ट्रक, थर्मास आणि भडक नारिंगी जाकिटं घातलेले पुरुष. शिकाऱ्यानं दुसऱ्या शिकाऱ्याला चुकून गोळी घालू नये म्हणून तो रंग सक्तीचा होता. उजाडल्यावर डोंगराच्या कडेनं बघितलं तर झाडाझाडावर एकेक नारिंगी ठिपका. नागपूरच्या बाईला संत्र्याच्या बागेत आल्यासारखं वाटलं.

मावशीची जागा डोंगराच्या कडेवरच्या एका जुन्या ओकच्या झाडावर होती. तिच्या नवऱ्यानं ती हेरली होती आणि कित्येक वर्षं दोघं तिथेच बसली होती. झाडाला खिळा ठोकायला बंदी, म्हणून साखळीनं बांधायचं लोखंडी मचाण वापरायचं: पाय ठेवायला जाळी, बसायला लहानशी फळी. मावशी गुडघा धरत कशीबशी चढली. मी खाली बुंध्याला टेकून बसले. सकाळभरात आमच्या समोरून माणसं इतकी गेली की हरणाला पाय ठेवायलाही जागा नव्हती. एक जण तर मावशीच्या झाडाखाली उभा राहून वर बघत म्हणाला, "इथे काही दिसलं का?"

"तू दिसलास," मावशी म्हणाली.

 परत येताना गाडीत ती म्हणाली, "पूर्वी या कडेवर आम्ही दोघंच असायचो."

ते माझ्या मनात राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात मी बंदुकीच्या सुरक्षिततेचा कोर्स केला. वर्गात मी एकटी बाई आणि एकटी देशी. परवाना मिळाला, मावशीच्या नवऱ्याच्या जुन्या शॉटगननं नेम धरायला शिकले. आणि ऑक्टोबर लागल्यावर दर रविवारी आम्ही सहकुटुंब त्या जंगलात पिकनिकला जायला लागलो. नवरा बाकावर पेपर वाचायचा, मुलगी पानं गोळा करायची आणि मी भटकायचे.

मी हरणांचा माग काढायला निघाले होते, पण आधी दिसला तो माणसांचा माग. पार्किंगमधून निघालेली प्रत्येक पायवाट वर कडेकडे जात होती. फांद्यांना खुणेच्या रंगीत फिती बांधलेल्या, खाली बिअरचे डबे. एवढ्या मोठ्या जंगलात सगळ्यांना एकच जागा आवडली होती. उलट्या बाजूला, पार्किंगच्या मागच्या हातपंपापाशी, जमीन उतरून एका ओढ्याकडे जायची. तिथे काटेरी झुडपं, काळा चिखल, वरून साचलेल्या पाण्याचा वास. गाड्यांची दारं लागलेली तिथे स्वच्छ ऐकू यायची. म्हणून त्या बाजूला कुणी फिरकत नव्हतं. आणि त्या चिखलात खुरांचे ठसे पडले होते, ताजे, एकावर एक. ओढ्याच्या पलीकडच्या काठावर तर गुरं जातात तशी वाट पडली होती.

सोमवारी लॅबमध्ये मी मावशीला सांगितलं. ती मायक्रोस्कोपवरून मान वर न करता म्हणाली, "पार्किंगच्या मागे? तिथून रेडिओ ऐकू येतो."

"हरणांनाही येतो. म्हणून त्यांना कळतं माणसं कुठे आहेत. सगळे वर चढले की ती खाली उतरत असणार."

"माझ्या नवऱ्याला जंगल कळत होतं," ती म्हणाली. विषय संपला.

सीझनच्या आधीच्या रविवारी तिला ओकला मचाण बांधून ठेवायचं होतं, म्हणून मी तिला वर घेऊन गेले. चढायला खूप वेळ लागला. दर थोड्या अंतरावर ती थांबायची आणि पाय दुखत नसून देखावा बघतेय असं दाखवायची. वर पोचलो तर ओकला दुसऱ्याच कुणाचं तरी नवंकोरं मचाण बांधलेलं. जागा सरकारी, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

मावशीनं हातमोजा काढला. बुंध्यावर जिथे त्यांच्या साखळीनं साल घासून गुळगुळीत झाली होती तिथे तळहात ठेवून ती उभी राहिली. मी थोडी बाजूला झाले. जरा वेळानं तिनं हातमोजा परत चढवला, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "चल. तुझा ओढा दाखव."

त्या संध्याकाळी आम्ही ओढ्याच्या अलीकडच्या काठावर एका जाड झाडाला मचाण बांधलं. मावशीला चढणं शक्य नव्हतं, म्हणून तिच्यासाठी जवळच एका पडलेल्या खोडामागे फांद्यांचा आडोसा केला. मला जागा अगदी उत्तम वाटली.

सीझन उघडला त्या सकाळी कळलं की ती उत्तम नव्हती. वारा पार्किंगकडून सरळ आमच्यावर येत होता आणि आमचा वास घेऊन ओढ्यापलीकडे, नेमका त्या वाटेवर जात होता. उजाडल्यावर दोन माद्या पलीकडच्या झुडपात आल्या, थबकल्या, नाक वर करून फुरफुरल्या आणि शेपट्यांची पांढरी निशाणं उडवत गेल्या. वर कडेकडून बंदुकांचे आवाज येत होते. मी फळीवर बसून स्वतःवर चिडत होते. मग मी खाली उतरले.

"काय झालं?" मावशीनं कुजबुजत विचारलं.

"आपण चुकीच्या काठावर आहोत. मचाण पलीकडे नेऊ."

"आत्ता? पहिल्या दिवशी, सकाळी सकाळी मचाण हलवतात का कुणी?"

"आपण हलवतोय," मी म्हटलं. तिच्याशी असं मी पहिल्यांदाच बोलले असेन.

 तिनं साखळीचं एक टोक हातात घेतलं. लोखंडाचा आवाज होऊ नये म्हणून मी साखळी माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळली, मचाण पाठीवर घेतलं आणि गमबूट घालून ओढ्यात उतरले. पाणी गुडघ्याच्या खालीच होतं, पण इतकं गार की दात वाजायला लागले. मावशीला हात धरून पलीकडे आणलं. वाटेच्या पल्याड, वाऱ्याची दिशा बघून, मी एक झाड निवडलं. तिथून आमचा वास जंगलाबाहेरच्या मोकळ्या शेताकडे जात होता. मचाण बांधलं, पडू नये म्हणून कमरेला दोर लावला, वर बसले आणि रिकामी बंदूक दोरीनं वर ओढून घेतली. मग ती भरली. मावशी खाली एका जाड बुंध्याला पाठ लावून बसली.

बराच वेळ काही झालं नाही. पाय बधिर झाले. दुपार होत आली तशी वरची माणसं थंडीनं कंटाळून कॉफी प्यायला खाली यायला लागली. पार्किंगमध्ये दारं आपटली, कुणीतरी मोठ्यानं हसलं. आणि त्याच वेळी समोरच्या झुडपात काटकी मोडली.

तो नर होता. डोकं खाली, पावलं जपून टाकत, माणसांना वळसा घालून येत होता. मी ज्या वाटेवर डोळा ठेवून होते, नेमक्या त्याच वाटेनं.  तो एका झाडामागे गेला तेव्हा मी बंदूक उचलली. बाहेर आला, आडवा उभा राहिला, आणि मी चाप ओढला. तो चार उड्या मारून ओढ्याच्या काठाशी कोसळला.

"थांब," खालून मावशीचा आवाज आला. "लगेच उतरू नकोस. त्याला वेळ दे."

थोड्या वेळानं मी उतरले. मी त्याच्या मानेवर हात ठेवला. अजून ऊब होती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. मावशीनं मला पाठीवर इतक्या जोरात थोपटलं की मी जवळजवळ ओढ्यात पडले. मग तिनं चाकू काढला आणि ते जनावर साफ कसं करायचं ते मला शिकवलं, शांतपणे, लॅबमध्ये शिकवायची तसं.

नवरा मुलीला आणि चहाचा थर्मास घेऊन येणार होता, तो आला. पोळीभाजीचा डबा एका हातात, डोक्यावर नारिंगी टोपी. त्यानं हरीण बघितलं, मग मला बघितलं. मुलगी म्हणाली, "आई, यू डिड दॅट?" नवऱ्यानं डबा खाली ठेवला, रुमाल नाकाला बांधला आणि दोरी हातात घेतली. जन्मात अंड्याला न शिवलेला तो माणूस ते हरीण ओढ्यातून आणि काट्यांतून ओढत वर पार्किंगपर्यंत घेऊन आला. मध्ये एकदाही कुरकुरला नाही.

मारलेल्या हरणाची नोंद करायला वनखात्याच्या एका नाक्यावर जावं लागायचं. तिथला माणूस सरळ नवऱ्याकडे वळून म्हणाला, "छान नर आहे. अभिनंदन."

"माझा नाही," नवरा म्हणाला. "मी व्हेजिटेरियन आहे. हिनं मारलाय." आणि तो बाजूला झाला, स्टेजवर पाहुण्यांना वाट करून देतात तसा.

आजूबाजूला पाचसहा शिकारी उभे होते. रिकाम्या हातानं आलेले. एकानं विचारलं, "कुठे मिळाला?"

मी तोंड उघडणार एवढ्यात मावशी म्हणाली, "जंगलात." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी लग्न झाल्यापासून इथे येतेय. जागा हिनं शोधली. भर सकाळी मचाण उचलून ओढ्यापार नेलं. मी हलवलं नसतं."

मला आयुष्यात त्याआधी पदवी मिळाली होती, नोकरी मिळाली होती. पण त्या नाक्यावर, चिखलानं भरलेल्या गमबुटांत, माझी मान जेवढी ताठ झाली तेवढी कधी झाली नव्हती.

महिन्याभरानं इथल्या मराठी मंडळाचं पॉटलक होतं, प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचा. मी डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानांतून मसाले आणून हरणाचा सावजी रस्सा केला आणि पातेल्यावर मोठ्या अक्षरांत तसं लिहून ठेवलं. आधी सगळे लांबूनच बघत होते. "अगं बाई, तू स्वतः?" असं एक काकू गालाला हात लावून म्हणाल्या. मग नागपूरकडचे एक डॉक्टर पुढे झाले, एक वाटी घेतली, घाम पुसत दुसरी घेतली. शेवटी पातेलं खरवडायची वेळ आली. नवरा सगळ्यांना हरणाचा फोटो दाखवत फिरत होता. ओढतानाचा त्याचा स्वतःचा फोटो नव्हता याचं त्याला फार वाईट वाटत होतं.

पुढच्या वर्षी आम्ही ऑक्टोबरात गेलो तर ओढ्यापलीकडच्या झाडांना रंगीत फिती बांधल्या होत्या. चिखलात बुटांचे ठसे. कुणीतरी नाक्यावरून आमचा माग काढला होता. मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं. मावशी गुडघ्याचं ऑपरेशन करून आली होती आणि काठी टेकत चालत होती. तिनं फितींकडे बघितलं, नकाशा माझ्या हातात दिला आणि विचारलं, "बरं, यंदा कुठे बसायचं आपण?"