साडूंचं कुलूप

आमच्या साडूंच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक त्यांनी केलेली नाही, ती मी केली आहे. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सासऱ्यांना नाही, आणि साडूंना तर नाहीच नाही. मुळात मी कमी बोलणारा. शिरूरला आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी मी मुका आहे असं धरून कित्येक महिने माझ्याशी हातवारे करूनच बोलणं चालवलं, आणि मीही मान हलवून उत्तरं दिली. गैरसमज दूर करायचा तर बोलावं लागलं असतं. पण आता सांगून टाकतो. मात्र चूक कळायला आधी साडू कळले पाहिजेत, आणि ते तितकंसं सोपं नाही. एका वाक्यात सांगायचं, तर थांबण्यावर इतकं मनापासून प्रेम करणारा दुसरा माणूस उभ्या दौंड तालुक्यात झाला नाही आणि होणारही नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचे वडील रेल्वेत पॉइंट्समन होते. मनमाडकडच्या लाइनीवर तेव्हा रूळ एकच, म्हणून दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी राहावी यासाठी ड्रायव्हरच्या हातात एक लोखंडी गोळा द्यायचे. गोळा असेल तर गाडी पुढं, नसेल तर जागेवर. पुढच्या स्टेशनात गोळा जमा झाला की मग दुसऱ्या गाडीचा विचार. साडूंचं सगळं बालपण हे बघण्यात गेलं. इतर पोरांना धावत्या इंजिनाचं वेड असतं, यांना न सुटलेल्या गाडीचं. पुढं ते पुण्याला कॉम्प्युटर शिकले, आणि तिथं त्यांना कळलं की एकाच प्रोग्रॅममध्ये दोन कामं एकदम चालवता येतात, त्यांना थ्रेड म्हणतात, आणि दोन्ही थ्रेड एकाच जागी लिहायला आले की घोटाळा होतो. "समजा फळ्यावर सदतीस लिहिलंय," ते भेटेल त्याला समजावून सांगत. एकदा दाढी करणाऱ्याला सांगत होते आणि त्याचा वस्तरा त्यांच्या गळ्याशी होता. "दोन गुरुजी एकेक नवं पोरगं घेऊन नंबर द्यायला एकदम आले. दोघांनी सदतीस वाचलं, दोघांनी मनात एक मिळवला, दोघांनी अडतीस लिहिलं. पोरं आली दोन आन् नंबर गेला एकच. म्हणून फळ्याच्या खोलीला कुलूप पाहिजे. एक आत, तर दुसरा बाहेर. मग तो कलेक्टर का असंना." बापाचा गोळा आणि पुण्याचं पुस्तक एकच सांगतायत हे पाहून त्यांना जो आनंद झाला, तो त्यांच्या लग्नाच्या फोटोतही दिसत नाही.

हा आनंद त्यांनी घरात आणला. दौंडच्या त्यांच्या घरात मधल्या खोलीत एक खुंटी होती आणि तिला एक पितळी कडं लटकवलेलं असायचं. मोरीत जायचंय, कडं घ्या. फोन करायचाय, कडं घ्या. काम झालं की कडं खुंटीला. मी पहिल्यांदा त्यांच्याकडं मुक्कामाला गेलो तेव्हा सकाळी आपला साधेपणानं मोरीचं दार ढकलून बघितलं, थोड्या वेळानं पुन्हा ढकललं. साडू वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "पाव्हणं, सारखं दार ढकलणं म्हंजी वाट बघणं न्हवं. त्यात तुमची बी ताकद जाते आन् आतल्याची बी. खुंटीसमोर बसा. कडं आलं की उठा." मी बसलो. शेजारी त्यांच्या आई बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी दूधवाला. त्याला फक्त पातेलं हवं होतं, पण घरात नेमकं कशाला कडं लागतं आणि कशाला नाही याचा त्याला भरवसा नव्हता.

केडगावला सासुरवाडीत त्यांनी दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला हाच प्रयोग केला. तिथं मोरी एक आणि बंबाचं गरम पाणी न्यायची पितळी बादली एक, म्हणून साडूंनी दोन कडी ठेवली. थोरल्या मेहुण्यानं मोरीचं कडं घेतलं, धाकट्यानं बादलीचं. थोरला मोरीत शिरला तर पाणी नाही. धाकटा बादली भरून दाराशी आला तर आत जायला जागा नाही. दोघं अंगाला तेल चोळून, टॉवेल नेसून, आपापलं कडं छातीशी धरून एकमेकांकडं बघत उभे.

"बादली दे की."

"आदी तू भाईर ये."

"कडं माझ्याकडं हाय, मी का म्हणून येऊ?"

"मग बस कोरडाच."

सासरे, म्हणजे आमचे आप्पा, काठी घेऊन आले. पण साडूंचा चेहरा देव दिसल्यासारखा झाला होता. त्यांनी सगळ्या घराला हाक मारली. "या, या, सगळी या. पुस्तकात वाचलं हुतं, आज डोळ्यांनी बघायला मिळालं. ह्याला डेडलॉक म्हणत्यात. दोघं बी कवाच हलणार न्हाईत, जलमभर." आप्पा म्हणाले, "जावईबापू, हलवतो मी." पण साडूंनी त्यांना थांबवून जागच्या जागी नियम केला, की सगळ्यांनी आधी बादलीचं कडं घ्यायचं आणि मगच मोरीचं, उलटं कुणीही नाही. केडगावात आजही तो नियम पाळतात. आता नळाला गरम पाणी येतं, तरी आधी बादलीला हात लावून मग आत जातात, आणि का ते कुणालाच माहीत नाही.

त्यांचं शास्त्र हार गेलं ते फक्त त्यांची बायको आणि माझी बायको या दोघी बहिणींपुढं. दोघी एकाच वेळी बोलतात, एकाच वेळी ऐकतात, आणि शेवटी दोघींना दोघींचं सगळं कळलेलं असतं. साडू कितीतरी वेळ कान देऊन बसायचे आणि मग मला हळूच म्हणायचे, "दोघी एकाच जागी लिवत्यात, कुलूप न्हाई, काय न्हाई, तरी एक अक्षर खराब होत न्हाई. हे बसत न्हाई कशात." शेवटी त्यांनी दौंडला आणि केडगावला, दोन्हीकडच्या खुंटीला, बोलण्याचंही एक कडं लावलं. घरात काही महत्त्वाचं बोलायचं असेल तर कडं हातात घ्यायचं, आणि ते ज्याच्या हातात त्याचं होईपर्यंत बाकीच्यांनी गप्प. मला तो नियम फार आवडला. मी कधी कडं घेतलंच नाही.

आता माझं. घोडनदी आणि भीमा यांच्या मधल्या पट्ट्यात एक साखर कारखाना आहे. नाव सांगत नाही, कारण कारखान्याचा यात काही दोष नाही. तिथं उसाच्या गाड्या वजन करायला दोन काटे होते. गाडी काट्यावर आली की तिला नंबराची पावती द्यायची, आणि मग भोंग्यातून पुकारलेल्या नंबराप्रमाणे ती गव्हाणीवर, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर, ऊस खाली करायला जाणार. हे नंबर द्यायचा प्रोग्रॅम साडूंनी लिहिला. दोन काटे म्हणजे दोन थ्रेड, आणि मधे त्यांचं कुलूप. त्यांच्याच शब्दावर मला एका काट्यावर नोकरी लागली. चालू करून देताना ते सगळ्या शेतकी खात्यासमोर म्हणाले, "सूर्य पश्चिमेला उगवला तरी एक नंबर दोन गाड्यांना जाणार न्हाई." आणखी दोन कारखाने त्यांच्याकडून हेच काम करून घ्यायला तयार होते. दौंडच्या शाळेतली मास्तरकी सोडून हेच करायचं त्यांच्या मनात होतं. वहिनींनी, म्हणजे साडूंच्या बायकोनं, तर दुकानाच्या पाटीवर काय लिहायचं तेही ठरवलं होतं.

फक्त ते कुलूप फार सावकाश होतं. एका काट्याची पावती छापून फाटेपर्यंत दुसऱ्या काट्याला नंबर मिळायचा नाही, आणि तो प्रिंटर फाटकी गोधडी शिवल्यासारखा एकेक ओळ काढायचा. मी साडूंना तसं बोललोही. ते म्हणाले, "पावती हातात पडल्याबिगर नंबर दिला असं म्हणता येत न्हाई. गोळा पुढच्या टेसनात जमा व्हायला नको का? थांबू द्या. थांबून कोण मेलंय?" पण थांबणाऱ्यांच्या शिव्या दौंडला ऐकू जात नव्हत्या, त्या माझ्या खिडकीत येत होत्या. "ओ काटेवालं, निजला का?" "पाव्हणं, माझा खोंड रांगंत लागला तवा वासरू हुता." कमी बोलणाऱ्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही, त्यामुळं त्याला काहीतरी करावं लागतं. साडूंनीच मला थोडं शिकवलं होतं, की ओळीच्या आधी दोन तिरक्या रेघा मारल्या की कॉम्प्युटर ती ओळ वाचतच नाही. मी एका दुपारी कुलपाच्या ओळींआधी त्या रेघा मारल्या.

रांग पळायला लागली. अशा चुकीची गंमत हीच, की ती लगेच दिसत नाही. दोन्ही काट्यांवर अगदी एकाच निमिषात कळ दाबली गेली तरच घोटाळा, आणि तसं काही आठवडे झालंच नाही. शेतकी अधिकाऱ्यांनी साडूंना फोन करून शाबासकी दिली. साडू बघायला आले आणि खिडकीशी उभे राहून अस्वस्थ झाले. "पाव्हणं, कुणी थांबताना दिसत न्हाई."

मी म्हणालो, "लोक समजूतदार झालेत."

त्यांना ते पटलं. माणसाच्या चांगुलपणाची कुठलीही बातमी त्यांना चटकन पटते.

मग तो दिवस आला. भोंग्यातून नंबर पुकारला आणि गव्हाणीच्या चढावर एका बाजूनं एका धनगर आबांची बैलगाडी शिरली, दुसऱ्या बाजूनं एका बागायतदार पाटलांचा ट्रॅक्टर. दोघं अरुंद तोंडाशी एकमेकांत अडकले.

"आबा, गाडी मागं घ्या. माझा नंबर पुकारलाय."

"माझा बी त्योच हाय. ही बघ पावती."

पाटलांनी दोन्ही पावत्या शेजारी धरल्या. आबांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "मग तू माझा जुळा भाऊ हायेस म्हण की. आई मरंस्तवर बोलली न्हाई."

लोक हसले, पण मागं कुणी हटेना. बैलांना उलटं चालता येत नाही आणि पाटलांना चालायचं नव्हतं. मागच्या गाड्या येऊन भिडल्या, त्यामुळं पुढं काही दोघांच्या हातात राहिलंच नाही. गव्हाण रिकामी फिरायला लागली, ऊस नाही म्हणून कारखान्याचा भोंगा वाजला, आणि एवढा मोठा कारखाना एका बैलजोडीसाठी थांबला. आबांनी तेवढ्यात बैल सोडून ट्रॅक्टरच्या सावलीत बांधले आणि पाटलांकडं तंबाखू मागितली. पाटलांनी दिली. त्या चढावर शांत असे तेवढे दोघेच होते.

साडूंना बोलावणं गेलं. ते यायच्या आत मी फ्लॉपीवरची मूळ प्रत परत टाकली. रेघा गेल्या, कुलूप जागेवर आलं. साडू आले. दोन्ही पावत्या त्यांनी हातात घेतल्या, उन्हात धरल्या, उलट्या करून बघितल्या. मग प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचला. शेतकी अधिकारी, पाटील, आबा, सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते. "हे हुणं शक्य न्हाई," ते म्हणाले. "पण झालंय. म्हंजी माझंच कुठंतरी चुकलंय." मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. मी त्यांना चहा दिला.

कारखान्यानं पुन्हा पूर्वीचे नंबराचे पत्र्याचे बिल्ले काढले. त्या दोन कारखान्यांनी नको म्हणून कळवलं, आणि त्यांनी कळवलं नसतं तरी साडूंनीच नको म्हटलं असतं. "ज्या कुलपाला कुठं भोक हाय ते मला म्हाईत न्हाई, ते मी लोकांच्या दाराला कसं लावू?" ते दौंडला मास्तरच राहिले. आणि ज्या सवयींवर आम्ही नातेवाईक इतकी वर्षं पोट धरून हसतो, त्यांतल्या बऱ्याचशा त्यानंतरच्या आहेत. घराला कुलूप लावून ते निघतात, ओढून बघतात, पाटसपर्यंत जातात आणि एसटीतून उतरून परत ओढून बघायला येतात. पत्र पेटीत टाकलं की पेटीला कान लावून ते पडल्याचा आवाज ऐकतात. शेजारी आता गावाला जाताना आपलंही कुलूप त्यांच्याकडून ओढून घेतात. या सगळ्यावर सगळ्यात मोठ्यानं मी हसतो. हसायला फार बोलावं लागत नाही.

आणि दर दिवाळीला केडगावला ते कारखान्यानं काढून टाकलेला तो जुना कॉम्प्युटर दोन कीबोर्डांसकट घेऊन येतात. त्यांना ती चूक पुन्हा घडवून बघायची असते, एकदाच, म्हणजे भोक सापडेल. सगळ्या घरानं जोडीजोडीनं बसून त्यांच्या "एक, दोन, तीन"वर कळ दाबायची. वहिनी करंजीचं पीठ भरलेल्या हातांनी दाबतात, आप्पा काठीच्या टोकानं. मेहुण्यांतला एक मुद्दाम दाणकन दाबतो आणि एक हळूच. दर वेळी पडद्यावर दोन वेगळे, बरोबर नंबर येतात, सगळे टाळ्या वाजवतात, आणि साडूंचा चेहरा उतरतो. इतकं बिनचूक चालणारं काम बघून इतका खिन्न झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझी पाळी आली की मीही दाबतो. चूक येणार नाही हे त्या घरात फक्त मला माहीत असतं.

मागच्या दिवाळीला मी ठरवून उठलो आणि खुंटीवरचं कडं हातात घेतलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. घर एकदम गप्प झालं. दोघी बहिणीसुद्धा थांबल्या. साडूंनी हातातला कीबोर्ड खाली ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू एखादी फार दिवस रखडलेली गाडी येताना दिसतेय. मी कडं धरून बसलो. पंखा फिरत होता. कढईत काहीतरी तडतडलं. आप्पांनी खोकला आवरून धरला. बऱ्याच वेळानं साडू माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "पाव्हणं, बोलायचं नसंल तर राहू द्या. पण कडं सोडा. लोकं खोळंबल्यात."

मी उठून कडं खुंटीला अडकवलं, आणि घर पुन्हा बोलायला लागलं.

आता लाइनीवर तो लोखंडी गोळाही राहिलेला नाही, पण साडू संध्याकाळी दौंडच्या पुलावर उभं राहून सिग्नलला थांबलेल्या गाड्या बघतात. मी हे लिहिलंय, पण ते त्यांच्या वाचनात येणार नाही. वर्तमानपत्र सोडलं तर ज्याच्या समासात प्रोग्रॅमसारखे ओळींचे आकडे नाहीत असलं काही ते वाचत नाहीत. म्हणजे हे तोंडानंच सांगावं लागणार आहे. त्यांचं कुलूप बरोबर होतं, रेघा माझ्या होत्या. एवढं एक वाक्य मी त्यांचं देणं लागतो.